तीन पिढ्यांचे वाहक

डोक्याला साबण फासून, डोळे घट्ट मिटून सुट्ट्या पाण्याचा मग चाचपडत होता, तेवढ्यात बाहेरच्या खोलीत फोन वाजला.

"मी घेतो," अप्पांचा आवाज आला. निवृत्त झाल्यापासून घरचा फोन उचलणं हे एकच खातं त्यांच्याकडे उरलं होतं आणि ते त्यांनी चोख सांभाळलं होतं. "हॅलो. हो, बरोबर आहे, तोच नंबर. तो अंघोळीला गेलाय, मी त्याचा बाप बोलतोय. त्याला सांगितलं काय नि मला सांगितलं काय, एकच."

सुट्ट्याचा हात थांबला. गेले काही दिवस त्याला एकाच फोनची धास्ती होती. ड्यूटीवर मोबाइल बंद ठेवावा लागे, म्हणून दवाखान्यात त्याने घरचा नंबर देऊन टाकला होता. तो फोन कोण उचलेल याचा विचार मात्र केला नव्हता.

"वाहक?" अप्पा म्हणाले आणि त्यांचा आवाज एकदम फुलला. "अहो बाई, म्हणजे काय, आहेच तो वाहक! कशावरून कळलं म्हणता? रक्तावरून? वा! अगं, ऐकलंस का, रक्तावरून कळतं म्हणे!"

स्वयंपाकघरातून आईने काय उत्तर दिलं ते भांड्यांच्या आवाजात ऐकू आलं नाही.

"मीसुद्धा वाहकच. माझे वडीलही वाहक. तीन पिढ्या, बाई, तीन पिढ्या! थोरले बंधू तेवढे चालक निघाले. चालक हो. च ला काना."

"अप्पा!" सुट्ट्या आतून ओरडला. साबण तोंडात गेला.

"सूनबाई? छे छे, ती वाहक नाही. टेस्ट? वाहकाची टेस्ट तिने दिलीच नाही. तिची टेस्ट वेगळी होती, पहिल्या झटक्यात पास! दोघांनी भेटायला यायचं? पाठवतो की. उद्या दोघांची दुपारची पाळी आहे, सकाळी येतील. आभारी आहे हं."

फोन ठेवल्याचा आवाज आला आणि मागोमाग बाथरूमच्या दारावर दोनदा टकटक झाली. बसमध्ये घंटीचे दोन ठोके म्हणजे गाडी सोडा. नोकरी संपली तरी अप्पांची ही सवय गेली नव्हती, चांगली बातमी ते दोन ठोक्यांनीच देत.

"रिपोर्ट आला रे! झकास! वाहक निघालास!"

सुट्ट्या हे काही त्याचं नाव नव्हे. बसमध्ये चढणाऱ्या प्रत्येकाला तो आधी "सुट्टे द्या" म्हणे आणि कुठे जायचंय ते नंतर विचारे, म्हणून डेपोने त्याचं हे बारसं केलं होतं. रजेचा अर्ज घेऊन गेला की साहेब हमखास म्हणत, "सुट्ट्याला कसली सुट्टी?" आणि स्वतःच पोट धरून हसत. त्याची बायको त्याच डेपोत चालक होती. लग्नाआधी दोघं एकाच गाडीवर होते. ती समोर बघून गाडी हाके आणि तो मागे उभा राहून आरशातून तिच्याकडे बघे. एक दिवस तिने आरशातूनच विचारलं होतं, "तिकिटं देताय, की रस्ता मी चुकतेय का ते बघताय?" त्यावर सुट्ट्याला काहीच सुचलं नाही आणि तिला ते आवडलं. डेपोत तिला सगळे मॅडम म्हणत. घरातही तेच नाव रुळलं. अप्पासुद्धा सुनेला मॅडमच म्हणत, कारण वाहकाने चालकाचा मान राखायचा असतो, हे त्यांच्या हाडीमाशी भिनलं होतं.

अप्पांना कुणी कंडक्टर म्हटलेलं खपत नसे. म्हाताऱ्या बायकांनासुद्धा ते अडवत. "बिल्ल्यावर काय लिहिलंय ते वाचा, आजी. वाहक. उतारू वाहून नेतो तो वाहक." आजींना उतरायचं असे, त्या मान डोलावत आणि उतरत.

तपासणीची कल्पना मॅडमची होती. लग्न होऊन चांगली दोन-तीन वर्षं झाली होती, घरात मूल हवं असं दोघांनाही वाटू लागलं होतं आणि आई तर दिवसाआड विषय काढतच होती. मॅडम म्हणाली, "गाडी डेपोबाहेर काढायच्या आधी मी चाकांना लाथ मारून बघते की नाही? तसंच हे. आणि तपासणी म्हटली की जो तो बाईला पुढे ढकलतो. या वेळी आधी तू चढ." दवाखान्यातही तेच सांगितलं गेलं. आधी पुरुषाचं रक्त तपासायचं. त्यात काही निघालं नाही, तर बाईला सुई टोचून घ्यायचीही गरज नाही.

अप्पांनी तेव्हा घर डोक्यावर घेतलं होतं. "आमच्या घराण्याची तपासणी? अरे, माझ्या उभ्या नोकरीत तपासनीस गाडीत चढले ते तोंड पाडून उतरले. एक चूक सापडली नाही कधी. आता रक्तात काय खोट काढणार आहेत?"

आणि आता खोट निघाली होती, आणि अप्पा ती मिरवत होते.

सुट्ट्या टॉवेल गुंडाळून बाहेर आला तेव्हा कानात अजून फेस होता. अप्पांनी त्याच्या ओल्या पाठीवर थाप मारली.

"मी काय सांगत होतो? वाहकी आपल्या रक्तात आहे. आता डॉक्टरांनीच शिक्का मारला. खाण तशी माती!"

"अप्पा, ते वाहक वेगळं."

"वेगळं कसलं? वाहक तो वाहक."

"जरा पोराला अंग पुसू द्या," आई आतून म्हणाली. "आणि फोनवर एवढं ओरडायचं नसतं, हजारदा सांगितलं. तिकडच्या बाईचा कान गेला असेल."

मॅडम खिडकीपाशी चहा पीत बसली होती. तिने कप खाली ठेवला आणि सुट्ट्याकडे बघितलं. रक्त देताना दोघांनाही सगळं समजावून सांगितलेलं होतं, तेव्हा तिला कुणी वेगळं सांगायची गरज नव्हती.

"उद्या सकाळी जाऊ," ती एवढंच म्हणाली. मग उठून त्याच्या कानातला फेस तिने आपल्या ओढणीच्या टोकाने पुसला.

*

दवाखान्यातल्या समुपदेशक बाई वयाने लहान होत्या आणि भलत्याच मनापासून काम करणाऱ्या होत्या. टेबलावर त्यांनी एक कागद पसरला होता. त्यावर चौकोन आणि गोल काढून त्यांनी घराण्याचा आराखडाच मांडला होता, आणि चौकोन एकजात काळे केले होते.

"तुमच्याकडचा इतिहास फारच दुर्मीळ आहे," त्या म्हणाल्या. "सलग तीन पिढ्या पुरुष वाहक! मी काल सरांनाही दाखवलं. फक्त एक गोष्ट मला कळली नाही. तुमचे काका 'चालक' आहेत असं लिहून घेतलंय. ही स्थिती मी पुस्तकात शोधली, पण सापडली नाही."

मॅडमने खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. तिचे खांदे हलत होते.

"ते बस चालवायचे," सुट्ट्या म्हणाला.

"हो, पण चालक म्हणजे नेमकं..."

"बस चालवायचे. आणि अप्पा तिकिटं द्यायचे. मीही देतो. आणि ही चालवते."

बाईंनी कागदाकडे बघितलं, सुट्ट्याकडे बघितलं, आणि मग हातांनी तोंड झाकून त्या इतक्या हसल्या की शेजारच्या खोलीतून कुणी तरी डोकावून गेलं. खोडरबर घेऊन त्यांनी काळे चौकोन एकेक करून पुसले. सुट्ट्याचा तेवढा राहू दिला.

तो एक चौकोन बघून सुट्ट्याचं हसू मावळलं.

"तुम्हाला स्वतःला काही झालेलं नाही आणि होणारही नाही," बाई आता हळू बोलत होत्या. "थॅलेसेमिया हा रक्ताचा आजार आहे. तुम्हाला तो नाही. तुम्ही तो फक्त पुढे नेऊ शकता."

"म्हणजे सामान माझ्या गाडीत आहे, पण मला त्याचा त्रास नाही."

"बेवारस सामान," मॅडम म्हणाली.

"अगदी. आता प्रश्न यांचा. या वाहक नसतील, तर काळजीचं काही नाही. बाळ फार तर तुमच्यासारखं होईल, धडधाकट. पण दोघंही वाहक असाल, तर प्रत्येक वेळी चारांत एक शक्यता असते, की बाळाला मोठा आजार होईल. मग सतत रक्त चढवत राहावं लागतं. त्यावरही मार्ग आहेत, पण आधी यांचं रक्त बघू."

मॅडमने बाही वर केली. दिवसभर मोठं चाक फिरवून तिचा हात घट्ट झाला होता, शीर पटकन सापडली. सुट्ट्याला मात्र बसायला खुर्ची द्यावी लागली.

"माझ्यात हे आलं कुठून?" त्याने निघता निघता विचारलं.

"आईकडून किंवा वडिलांकडून," बाई म्हणाल्या. "आडात असल्याशिवाय पोहऱ्यात येत नाही."

*

जेवायला बसल्यावर सुट्ट्याने सगळं समजावून सांगितलं. वाटी, चमचा, मिठाची बरणी असं काय काय मांडून त्याने बाप, आई, मूल दाखवलं. अप्पा मध्ये मध्ये "हां, हां" म्हणत होते आणि मिठाच्या बरणीकडे संशयाने बघत होते.

"आणि तो मोठा आजार झाला तर काय होतं?" आईने विचारलं.

"मूल फिकट पडतं. पिवळट. पोट फुगतं, वाढ होत नाही. खेळायला गेलं की लगेच दमतं. आता औषधं आहेत, रक्त चढवतात. पूर्वी काहीच नव्हतं."

आईच्या हातातला घास ताटात परत गेला.

"माझा भाऊ तसा होता," ती म्हणाली.

तिला भाऊ होता हे सुट्ट्याला ऐकून माहीत होतं. लहानपणीच गेला, यापलीकडे त्याच्याबद्दल घरात कधी बोलणं झालं नव्हतं.

"दोन पावलं चालला की कडेवर घे म्हणायचा. आई कामाला जायची, मीच घ्यायचे. मीही केवढी होते? पण तो जडच नव्हता." तिने ताटातल्या घासाकडे बघितलं. "म्हणजे ते आमच्याकडचं. माझ्यातून याच्यात. खाण तशी माती."

हेच शब्द आदल्या दिवशी अप्पांनी छाती फुगवून उच्चारले होते. आईच्या तोंडून ते ऐकवेनात.

"आई, असं काही नसतं," मॅडम घाईने म्हणाली. "माझा रिपोर्ट अजून यायचाय. आणि यात कुणाची चूक..."

"तुला फसवल्यासारखं झालं गं," आई म्हणाली आणि ताट घेऊन उठली.

अप्पांनी मिठाची बरणी उचलून आपल्या ताटाजवळ ओढली.

"तुझा काय संबंध?" ते मोठ्याने म्हणाले. "वाहक मी. माझे वडील वाहक. तू कधी गाडीत उभी तरी राहिलीस का? माझ्याकडून आलंय ते."

"अप्पा!" सुट्ट्याने कपाळावर हात मारला. "मी आत्ता एवढा वेळ काय सांगत होतो?"

त्यानंतर घर विचित्र झालं. आई कामं सगळी करायची, पण तिचा आवाज गेला. एरवी सकाळी डोळा उघडल्यापासून ती अप्पांना धारेवर धरायची: वर्तमानपत्राची घडी नीट घातली नाही, चष्मा पुन्हा हरवला, फोनवर ओरडलात, झोपेत ओरडलात. अप्पा त्यावरच जगत असावेत. आता ते मुद्दाम चष्मा फ्रिजमध्ये ठेवून यायचे, आणि आई तो मुकाट्याने काढून आणून त्यांच्या हातात द्यायची. नातवंडाचा विषय तर तिने पुसूनच टाकला. शेजारीण लेकराला घेऊन आली तेव्हा तिने त्याला मांडीवर घेतलं नाही. काम आहे म्हणून आत निघून गेली.

सुट्ट्या आणि मॅडम ड्यूटीवर जात, येत. रिपोर्टबद्दल दोघंही बोलत नसत. एकदा शेवटच्या थांब्यावर गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहिल्या, तेव्हा तिने खिडकीतून विचारलं, "समजा निघालंच माझ्यातही?"

"मग मार्ग आहेत म्हणाल्या ना त्या."

"हो. पण आईंना कोण सांगणार?"

मूल होईल न होईल ही भीती सुट्ट्याला होतीच, पण त्याहून मोठी भीती त्याला आता आईची वाटत होती. पुढे काहीही झालं तरी ती ते स्वतःच्या माथी मारून घेणार होती, आणि तिच्याशी वाद घालायची सोय नव्हती, कारण तिचं म्हणणं बहुधा खरं होतं.

आणि अप्पांचा तर हेका सुटत नव्हता. येता-जाता, आईच्या कानावर पडेल अशा बेताने, ते सुरू व्हायचे. "वाहकी माझ्याकडची. घराण्याची. हातच्या कांकणाला आरसा कशाला?" सुट्ट्याने रागावून सांगितलं, समजुतीने सांगितलं, पुन्हा एकदा वाटी-चमचा मांडून सांगितलं. व्यर्थ. वय झालं की माणसाच्या डोक्यात एकदा शिरलेलं बाहेर निघत नाही, असं त्याने स्वतःला समजावलं.

एक दिवस अप्पा बाहेरून आले ते कोपरात हात दुमडून. आत कापसाचा बोळा होता.

"दिलं रक्त," ते जाहीर करत म्हणाले. "होऊ द्या एकदाचा सोक्षमोक्ष. माझं आहे ते माझं."

"अप्पा, हे काही बक्षीस नाही, मिळालं म्हणून आनंद व्हायला!"

"ते मी बघेन," अप्पा म्हणाले, आणि आई कुठे आहे ते बघायला आत गेले.

*

रिपोर्ट घ्यायला तिघं गेली. अप्पांनी कडक इस्त्रीचा सदरा घातला होता आणि खिशावर जुना बिल्ला लावला होता.

समुपदेशक बाईंनी कागद हातात घेतला, पण वाचायच्या आधीच त्यांच्या चेहऱ्यावर सगळं दिसलं.

"मॅडम, तुम्ही वाहक नाही."

मॅडमने श्वास सोडला. चढावर गाडी बंद पडेल पडेल असं वाटत असताना वर पोचावी, तसा तिचा चेहरा झाला. सुट्ट्याला ओरडावंसं वाटलं, पण दवाखाना होता. त्याने तिचा हात धरला, आणि तो कुणी बघत असेल म्हणून सोडलाही नाही.

"म्हणजे बाळाला काही होणार नाही?" त्याने पुन्हा विचारलं.

"हा आजार नाही होणार. खुशाल तयारीला लागा."

"आणि माझं?" अप्पा म्हणाले. ते खुर्चीच्या अगदी कडेवर येऊन बसले होते.

"काका, तुमचाही अगदी स्वच्छ आहे. तुम्हीसुद्धा वाहक नाही."

अप्पांचा हात बिल्ल्याकडे गेला.

"नीट बघितलंत? बाटल्यांची अदलाबदल झाली असेल. गर्दी होती त्या दिवशी."

"नाही काका, दोनदा बघतो आम्ही. लोक नेमकं उलटं विचारतात हो. तुम्ही पहिलेच."

"बाई," अप्पा पुढे वाकून हळू आवाजात म्हणाले, आणि सुट्ट्याने त्यांना जन्मात पहिल्यांदाच हळू बोलताना ऐकलं. "आहे म्हणा ना. तुमचं काय जातं?"

बाई गोंधळल्या. "असं कसं म्हणता येईल? आणि आता ते कोणाकडून आलं याला काही महत्त्वच नाही, काका. सूनबाई वाहक नाहीत, संपलं. आईंचं रक्तही बघायची गरज नाही."

"तुमच्या दृष्टीने नाही," अप्पा म्हणाले आणि उठले.

घरी जाताना बसमध्ये मागची लांब सीट रिकामी मिळाली. मॅडम खिडकीशी बसली आणि चालकाच्या प्रत्येक ब्रेकला नाक मुरडत राहिली. अप्पांनी बिल्ला काढून खिशात टाकला होता. ते खुशीत असायला हवे होते. सुट्ट्या त्यांच्याकडे बघत राहिला, आणि बघता बघता त्याच्या डोक्यात प्रकाश पडला.

"अप्पा, तुम्हाला सगळं कळलं होतं."

"पहिल्या दिवशी नाही," अप्पा प्रामाणिकपणे म्हणाले. "पहिल्या दिवशी मी फोनवर खराखुरा गाढवपणा केला. पण तू ताटावर बसून त्या आजाराचं सांगितलंस, तेव्हा कळलं. मी तुझ्या वाटीकडे बघतच नव्हतो, तिच्या तोंडाकडे बघत होतो."

थांबा आला, दोघं चढली, एक उतरला.

"लग्न होऊन आली तेव्हा झोपेत हात असा करायची." अप्पांनी डावा हात कमरेशी वाकडा धरून दाखवला. "मला वाटायचं, घागर घेऊन चालल्याचं स्वप्न पडतंय. मग एकदा विचारलं, तेव्हा भावाचं सांगितलं. त्यानंतर कधीच बोलली नाही, आणि मीही विषय काढला नाही. जन्मभर तिने त्या पोराला खाली ठेवलं नाही रे. आता तुझ्या पोरांचं ओझंही तिच्याच कमरेवर द्यायचं? मला एवढंच वाटलं, की हे आपल्यात निघालं तर बरं. माझी पाठ भक्कम आहे, आणि तसंही मला ती सदानकदा बोलतेच."

मॅडमने ब्रेककडे लक्ष देणं सोडलं होतं. तिने अप्पांच्या हातावर हात ठेवला.

"मग आता काय सांगायचं?" सुट्ट्या म्हणाला.

"खरं तेच. तिच्यापुढे मला खोटं बोलता येत नाही. प्रयत्न करून झालेत. लगेच पकडते."

"मलाही नाही येत."

"माहीत आहे. माझ्यावरच गेलायस," अप्पा म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले.

आई दारातच उभी होती. किती वेळ उभी होती कुणास ठाऊक, गॅसवर काही तरी लागल्याचा वास येत होता.

मॅडम जवळजवळ धावतच पुढे गेली. "आई, मी नाही वाहक! काही काळजी नाही. बाळाला काही होणार नाही!"

आईने तिला जवळ घेतलं, तिच्या डोक्यावरून, गालांवरून हात फिरवला आणि डोळे पुसले. मग हळूच मागे सरून खुर्चीवर बसली. सुट्ट्याला वाटलं, संपलं, सुटलो. पण आईची नजर मॅडमवरून पुढे सरकली आणि अप्पांवर जाऊन थांबली.

"आणि यांचं?"

अप्पांनी तोंड उघडलं. मिटलं. खाली वाकून ते चपलेचा पट्टा सोडवू लागले, तो कधीच सुटलेला होता.

"सांगा ना. मला माहीतच आहे, पण सांगा."

सुट्ट्याने महिनाभर घसा कोरडा करून अप्पांना एका शब्दाचे दोन अर्थ समजावले होते, आणि त्यातला एक अर्थ अप्पांनी डोक्यातून काढावा म्हणून जिवाचं रान केलं होतं.

"अप्पा वाहक आहेत, आई," तो म्हणाला.

यात एक अक्षर खोटं नव्हतं. खिशात बिल्ला होता, दरमहा पेन्शन येत होती.

अप्पा वाकलेलेच राहिले. आईने मुलाच्या डोळ्यांत बघितलं. त्यानेही बघू दिलं.

"तीन पिढ्या," अप्पा चपलेला उद्देशून म्हणाले. "मी पहिल्या दिवसापासून सांगतोय."

"मग माझा भाऊ?"

"त्या काळी पोरांना काय काय व्हायचं. कुणी तपासत होतं का?"

आईने एकदा दोन्ही हात मांडीवर उलटे करून बघितले, जसं काही त्यांत काही नाही याची तिला खात्री करून घ्यायची होती. मग ती उठली.

"शाबास!" ती म्हणाली, आणि महिनाभर हरवलेला आवाज एका झटक्यात परत आला. "म्हणजे हे असलं अंगात घेऊन तुम्ही जन्मभर हिंडलात! माझ्या पोराला देऊन बसलात! आणि मी इथे महिनाभर स्वतःच्या जिवाला खातेय!"

"मी सांगत होतो की..."

"सांगत होतो म्हणे! तुमचं सांगणं कधी कुणी खरं धरलंय? नीट बसून, माणसासारखं, एका शब्दाने सांगितलंत? नुसता आरडाओरडा! आणि तुमच्या घराण्यात दुसरं आहेच काय? हट्टीपणा तुमचा, घोरणं तुमचं, ते नाक तुमचं, आता रक्तही तुमचं! माझ्या बिचाऱ्या सुनेला रिपोर्टची वाट बघत झुरत ठेवली ती तुमच्यामुळे. बसा तिथे! आणि तू गं, उभी काय राहिलीस, आता उशीर कशाला लावताय दोघं? मी काय म्हातारी झाल्यावर नातवंडं खेळवू?"

मॅडमला हसू आवरेना. तिने काही तरी बोलायला तोंड उघडलं, तशी सुट्ट्याने टेबलाआडून तिच्या पायावर पाय ठेवला आणि तिने वेळीच ब्रेक लावला.

आई गॅस बंद करायला आत गेली, तिथूनही तिचा आवाज येतच होता. अप्पांच्या थोरल्या भावापासून सुरुवात करून ती आता त्यांच्या वडिलांपर्यंत पोचली होती. अप्पा दाखवलेल्या खुर्चीवर मान खाली घालून बसले होते आणि एकेक शब्द ऐकून घेत होते. सुट्ट्याने बापाला इतकं सुखात कधी पाहिलं नव्हतं.